आदरार्थी बहुवचन

६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. क्षमस्व. क्षमा कुणाची मागतोय ते कळत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. (बायको वाचत असावी असा संशय आहे. पुरावा नाही.) आळस केला असं मात्र नाही. मागच्या वहीचं प्रत्येक पान लिहून झालं की मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेत असे. एक दिवस उघडून पाहिलं तर सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये वाहून गेला होता. या खेपेला पेन्सिल.

मुख्य बातमी. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन शनिवारी झालं. छान झालं म्हणतात. कोण म्हणतात, तर ज्यांनी केलं तेच. वीस तारखेला घरी सोडणार.

घरी म्हणजे कुणाच्या, हा खरा प्रश्न. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे होते. मग समोरच्या इमारतीत ताईकडे 'चार दिवस' म्हणून गेले आणि तिथलेच झाले. ताईचं म्हणणं, तुझ्याकडे पेपर वाचायच्या आधी हात धुवा, वाचल्यावर हात धुवा, मधे चष्मा धुवा, म्हातारा माणूस कंटाळला. मला हे पटत नाही. कुत्रा हे कारण असावं. ताईकडे कुत्रा आहे, गच्चीवर मातीच्या कुंड्या आहेत. म्हाताऱ्यांना अशा गोष्टींचा मोह पडतो.

माझ्या मनात ताईविषयी आकस आहे का, हे प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

संकल्प: या वेळी बाबा माझ्याकडेच येणार. घर असं निर्जंतुक करायचं की हॉस्पिटलवाल्यांनी बघत राहावं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

कॉलेजच्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं पुसूनच कपाटात लावतो. याबद्दल स्टाफ मला 'निर्जंतुकराव' म्हणतो. माझ्यामागे म्हणतो. पण 'राव' लावतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आज क्लार्क म्हणाला, प्राचार्य आला. मी म्हटलं, आला नाही, आले. आदरार्थी बहुवचन. तो म्हणाला, आला काय नि आले काय, यायचा तो एकच माणूस. मी त्याला समजावलं की मराठीत माणूस एकटा असला तरी मान असेल तर तो अनेकवचनी होतो. तो म्हणाला, मग सर, गर्दीला मान द्यायचा झाला तर काय करायचं. भाषेचीही स्वच्छता असते, एवढं बोलून विषय संपवला.

संध्याकाळी हॉस्पिटल. बाबांच्या कॉटच्या दांड्या पुसल्या, टेबल पुसलं, पाण्याचा जग पुसला. नर्स म्हणाली, अहो, हे सकाळीच झालंय. मी म्हटलं, सकाळनंतर दुपार झाली. बाबांचा हात पुसायला घेतला तर ते म्हणाले, मला पुसू नकोस रे, मी काय कपाट आहे?

तरी जाताना म्हणाले, तुझ्याकडची ती रस्त्याकडची खिडकी बरी. येणारे-जाणारे दिसतात. हे ताईने ऐकायला हवं होतं.

त्यांची काठी निर्जंतुक करायला घरी आणली.

९ फेब्रुवारी, गुरुवार

काठीचं पॉलिश निघालं. मूठ चिकट झाली आहे. लेक म्हणाली, पप्पा, ही काठी आता आजोबांना सोडणारच नाही. मुलांना गांभीर्य नाही.

इमारतीत मात्र वातावरण तापलंय. प्रत्येक मजल्यावर अँटिबॅक्टेरियल साबणाची बाटली लावावी आणि जिन्यात रोज फवारणी व्हावी असा प्रस्ताव मी मांडला होता. त्यावरून दोन तट पडले. आम्ही 'फेसवाले'. ते 'मातीवाले'. मातीवाल्यांच्या पुढारी तळमजल्यावरच्या रिटायर्ड विज्ञानशिक्षिका. सगळे त्यांना 'खालच्या बाई' म्हणतात. बाईंनी ग्रुपवर लिहिलं की घरात साधा साबण पुरतो, ऊठसूट जंतुनाशक वापरून नुकसानच होतं आणि मुलांना जरा मातीत खेळू द्या. ताई आमच्या इमारतीत राहत नाही, पण तिला ग्रुपवर कुणीतरी घेतलं आहे. तिने बाईंच्या लिहिण्यावर अंगठा दिला.

आमच्या बाजूने कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आहे. तो बाटल्या विकतो, हे खरं. पण म्हणून त्याचं मत चुकीचं ठरत नाही. उलट, जंतूंशी त्याचा रोजचा संबंध.

ही म्हणाली, तुम्ही त्या जंतूंच्या अगदी हात धुऊन मागे लागलात. मी म्हटलं, तीच तर पद्धत आहे.

११ फेब्रुवारी, शनिवार

उजव्या हाताची बोटं काही दिवसांपासून फुटली आहेत. आज तर्जनीच्या मुळाशी सूज, ठणका आणि पू. कॉलेजच्या दाराच्या कडीला हात लागला असावा. मी दार कोपराने उघडतो, बेलसुद्धा कोपरानेच दाबतो, पण परवा हातात पुस्तकं होती.

शिल्लक डबा काढला. माझा नियम असा: डॉक्टर गोळ्या लिहून देतात, आपण दोन दिवस घ्यायच्या, बरं वाटलं की थांबायचं. शरीराला औषधाची चटक नको. उरलेल्या गोळ्या डब्यात. पुढच्या खेपेला शिंक आली की डॉक्टरांकडे न जाता त्यातलीच एक. डब्यात आता जवळपास सगळे रंग आहेत. लेक त्याला म्युझियम म्हणते. आधुनिक औषधावर आंधळा विश्वासही नको आणि आंधळा अविश्वासही नको, हा माझा मध्यममार्ग आहे.

दोन पिवळ्या घेतल्या. ठणका वाढला. हिने जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर आमचे जुने. मला गोवर आला तेव्हापासून बघतायत. तेव्हापासून आजतागायत 'अरे-तुरे'. आज वेटिंगरूममध्ये लायब्ररीत येणारे दोन विद्यार्थी बसले होते आणि हे आतून ओरडले, काय रे, काय करून घेतलंस? हात पाहून म्हणाले, किती धुतोस रे. हात आहे का तांदूळ? आधी काय घेतलंस? मी म्हटलं, विशेष काही नाही. दोन पिवळ्या 'विशेष' या सदरात बसतात का, यावर थोडा विचार केला. बसत नाहीत.

त्यांनी पू तपासायला पाठवला. उगाच. लॅबवाल्यांशी संधान असावं.

१२ फेब्रुवारी, रविवार

सिंकजवळच्या अँटिबॅक्टेरियल बाटलीतला फेस संशयास्पद वाटतो. वास सौम्य. रंग तोच, पण धार निराळी. हिला विचारलं तर म्हणाली, तुमचं नाक धुऊन बघा.

काळजी म्हणून माझी स्वतःची बाटली मेडिकलवाल्याकडून आणून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. चावी माझ्याकडे. सिंकवर एकदा आणि ड्रॉवरच्या बाटलीने एकदा. दुहेरी संरक्षण.

१५ फेब्रुवारी, बुधवार. महत्त्वाचं

नीट लिहून ठेवतो.

रिपोर्ट आला म्हणून दवाखान्यात गेलो. ड्रेसिंग झाल्यावर मी पडद्यामागच्या बेसिनवर डावा हात धूत होतो. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. एका हाताने हातही धुतला जात नाही. प्रयत्न चालू असताना बाहेर डॉक्टर हिच्याशी बोलताना ऐकू आलं. शब्दशः देतो.

म्हणाले, रेझिस्टंट आहेत. चांगलेच चिवट आहेत. नेहमीच्या कशालाच दाद देत नाहीत. बाहेरून आलेले वाटत नाहीत, घरच्या घरीच वर्षानुवर्षं तयार झालेत. यांना आता काहीतरी खास द्यावं लागेल. रविवारी तुमच्या इमारतीच्या सभेत मी याच विषयावर बोलणार आहे. नाव न घेता, अर्थात.

हिने काहीतरी विचारलं. पुढचं नळाच्या आवाजात गेलं. मला पुरेसं होतं.

आहेत. तयार झालेत. यांना. ज्या माणसाने मला गोवरापासून अरे-तुरे केलं, त्याच्या तोंडून माझ्यासाठी पहिल्यांदा बहुवचन आलं. तेही माझ्या पाठीमागे, म्हणजे मनापासून. रेझिस्टंट. प्रतिकारशक्ती. मी जे घरच्या घरी, कुणाच्या मदतीशिवाय, चेष्टा सोसून कमावलं, ते लॅबच्या रिपोर्टात आलं.

मी फुशारकी तर मारत नाही ना, हे तपासलं. रिपोर्ट फुशारकी मारत नाही. मी फक्त तो लिहून ठेवतोय.

पडद्याबाहेर आलो तेव्हा डॉक्टर पुन्हा अरे-तुरेवर गेले होते. तोंडावर कौतुक करायचं नाही, ही जुन्या माणसांची पद्धत. नव्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, या सगळ्या घ्यायच्या, मधे सोडल्यास तर बघ. हीसुद्धा वाटेत दोनदा म्हणाली, सगळ्या घ्या हं. आणि जखम सुकली तरच बाबा आपल्याकडे येणार, तोवर तुम्ही हॉस्पिटलमध्ये जायचं नाही, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. मी म्हटलं, बरोबर आहे, अशी जखम बघून पेशंट घाबरतात.

त्यानंतर ही घरी येईपर्यंत गप्प होती. नवऱ्याचं मोठेपण अचानक कळल्यावर माणूस गप्प होतोच.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठणका कमी. सूज कमी. दोन दिवस झाले. नव्या गोळ्या थांबवल्या.

हे बेजबाबदारपणाचं आहे का, यावर जेवताना बराच विचार केला. सामान्य माणसाने सगळ्या घ्याव्यात. पण कशालाच दाद न देणाऱ्या माणसाला गोळ्या देणं म्हणजे भिंतीला समजावणं. डॉक्टरांना हे माहीत असणारच. पण कंपन्यांचा दबाव असतो. उरलेल्या डब्यात ठेवल्या. जांभळा रंग नव्हता, तो आला.

'काहीतरी खास द्यावं लागेल' याचा विचार करतोय. शाल नको. शाली एकाची दुसऱ्याला जातात, कुठून आलेली असते कोण जाणे. पुस्तक चालेल, मी पुसून घेईन.

१८ फेब्रुवारी, शनिवार

बाबांची खोली तयार. पडदे उकळले. खुर्ची खिडकीशी ठेवली. पेपर ठेवायला ट्रे, शेजारी बाटली. बाबांनी पेपर आधी वाचावा की आधी हात धुवावा यावर सवलत द्यायचं ठरवलं आहे: फक्त आधी धुवायचा, नंतरचा माफ. मी हटवादी नाही.

बाबांशी फोनवर बोललो. म्हणाले, येतो रे तुझ्याकडे, पण कुत्र्याला आठवड्यातून एकदा भेटव. मी म्हटलं, बघू. खिडकीतून दाखवता येईल.

उद्याच्या आभाराच्या भाषणाची तयारी केली. 'मी काही विशेष केलं नाही' अशी सुरुवात. ही इस्त्री करत होती. म्हणाली, सभेत तुम्हाला बोलायचंय का? मी म्हटलं, वेळ आली तर. ती म्हणाली, येऊ नये.

बोट जरा गरम लागतंय. उन्हाळा लवकर सुरू होतोय.

१९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

पांढरा शर्ट. हात दोनदा. निघतोय.

त्याच दिवशी, दुपारी

सभा झाली.

२० फेब्रुवारी, सोमवार

लायब्ररीतून रजा घेतली. उजव्या हाताला लिहायला त्रास होतोय, तरी लिहितो. इतरांचं मूल्यमापन केलं, तर आपलंही करायला हवं.

सभा तळमजल्यावर पार्किंगमध्ये. खुर्च्या कमी पडल्या. फेसवाले एका बाजूला, मातीवाले एका बाजूला, मधून स्कूटर नेण्यापुरती वाट. मेडिकलवाल्याने बाटल्यांचे नमुने मांडले होते. ताई कुत्रा घरी ठेवून आली होती, हे मान्य केलं पाहिजे. मी पहिल्या रांगेत कडेला बसलो, उठायला सोपं जावं म्हणून.

डॉक्टर आधी साबणावर बोलले. हात जरूर धुवा, जेवायच्या आधी धुवा, साध्या साबणाने धुवा, आणि कातडी फुटेपर्यंत धुऊ नका. भिंत पाडून चोर थांबत नसतात. मातीवाले हसले. मग म्हणाले, तसंच अँटिबायोटिकचं. ताप काय, शिंक काय, घे एक गोळी. बरं वाटलं की सोड. मरतात ते दुबळे. उरतात ते शिकून-सवरून तयार. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, हे कुठे दूर राहतात असं समजू नका. असे चिवट, कशालाच दाद न देणारे, आपल्यातच आहेत. अगदी या इमारतीतसुद्धा असतील.

मी उभा राहिलो. हात जोडले. उजव्याला पट्टी होती, त्यामुळे नीट जुळले नाहीत.

कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, सुरुवात व्हायला वेळ लागतो. मी म्हटलं, मी काही विशेष केलं नाही.

डॉक्टर म्हणाले, अरे, तू कशाला उठलास? बस खाली.

मी म्हटलं, बुधवारी पडद्यामागून मी ऐकलं, तुम्ही माझ्याविषयी म्हणालात, चिवट आहेत, रेझिस्टंट आहेत.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, तू नाही रे. जंतू.

कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. मग आणखी कुणीतरी. माझ्या शेजारचा मेडिकलवाला खाली वाकून नमुने गोळा करू लागला आणि गोळा करता करता दुसऱ्या रांगेत गेला.

डॉक्टर माइक बाजूला ठेवून जवळ आले. म्हणाले, गोळ्या पूर्ण घेतोयस ना?

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. मागून लेकीचा आवाज आला, म्युझियममध्ये आहेत. ती चेष्टेत बोलली नाही. तिला रडू येत होतं. मग डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझ्या कपाळाला हात लावला, गोवराच्या वेळी लावायचे तसा.

खालच्या बाईंनी मला पाण्याचा पेला आणून दिला. पेला पुसावा असं मनात आलं. पुसला नाही. या अवस्थेत पुसायचं कोणी कुणासाठी, हेच स्पष्ट नव्हतं.

ताई आली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, बाबांचं हाड नवं आहे. तुझी जखम भरू दे, डॉक्टर हो म्हणू देत. तोवर माझ्याकडे राहतील. मी म्हटलं, पण खिडकी. ती म्हणाली, माझ्या गच्चीतून तुझी खिडकी दिसते, बाबांची खुर्ची तिकडे वळवून ठेवीन.

डॉक्टरांनी आता इंजेक्शनं सुरू केली आहेत. डबा हिने त्यांच्याकडे जमा केला. जांभळ्यासकट.

आणखी एक. ही काल म्हणाली की सिंकवरच्या बाटलीत ती गेलं वर्षभर साधा साबण भरतेय. तुमचे हात बघवत नव्हते म्हणून. म्हणजे माझा संशय खरा होता. यातून जितकं समाधान मिळायला हवं होतं तितकं मिळालं नाही. ड्रॉवरची चावी मी स्वतःहून तिला दिली. तिने चावी साबणाने धुऊन ठेवली. ही चेष्टा होती की काळजी, ते ठरवायचं आज मी सोडून दिलं.

व्याकरणाच्या बाजूने पाहिलं तर माझी चूक नाही. 'चिवट आहेत' हे दोन्हीकडे लागतं. मान असलेल्या एका माणसालाही आणि नुसत्या गर्दीलाही. क्लार्कने विचारलेला प्रश्न आठवला. गर्दीला वेगळा मान द्यावा लागत नाही. तिला तो मिळालेलाच असतो. डॉक्टरांनी जंतूंना 'आहेत' म्हटलं आणि मला 'बस खाली'.

दुपारी बाबा आले. मी खिडकीतून पाहिलं. ताई आणि भावोजी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उतरवत होते. कुत्रा मागच्या पायांवर उभा. बाबांनी एकदा वर पाहिलं. मी पट्टीचा हात हलवला. त्यांनी ताईचा खांदा सोडून काही शोधल्यासारखा हात बाजूला केला आणि तसाच हवेत धरला. मला वाटलं, मला हात करतायत. मग लक्षात आलं, काठी शोधतायत.

काठी माझ्याकडे आहे. आज साध्या साबणाने, हातमोजे घालून, हिने ती धुतली. मूठ आता चिकट नाही.

उद्या: काठी ताईच्या दाराला टेकवून ठेवणे, बेल कोपराने दाबणे (डॉक्टरांनीच सांगितलं आहे) आणि दार उघडायच्या आत मागे सरणे.